पडद्यावर ती, आवाज दुसरीचा

गुढीपाडव्याच्या आधीचा शनिवार. रक्कम एकवीस हजार रुपये. हजर चौघे: आमच्या गावच्या दूध संस्थेचे चेअरमन, संस्थेचा सचिव म्हणून मी, मुंबईहून आलेल्या एका मालिकेचा मॅनेजर, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली एक बाई. तिची ओळख कुणी करून दिली नाही, म्हणून मी कागदावर 'इतर एक' असं लिहिलं.

एकवीस हजारांत संस्थेचा हॉल, दुधाचे अडतीस रिकामे कॅन आणि तलावाकडे गाड्या उतरवायला मागचा रस्ता, हे सगळं तीन आठवडे त्यांच्याकडे राहणार होतं. ते दुष्काळाचं वर्ष होतं. गावातली बहुतेक जनावरं छावणीवर गेली होती आणि जी उरली होती त्यांच्या अंगात दूध उरलं नव्हतं. चाळीस कॅनांपैकी दोन कॅनांत आमचं रोजचं संकलन मावत होतं. बाकीचे अडतीस हॉलच्या भिंतीला ओळीने उभे होते.

"कॅन कशाला पायजेत तुमाला?" चेअरमनांनी विचारलं.

"यान करायचंय, साहेब. अंतराळयान," मॅनेजर म्हणाला. "मालिका दुसऱ्या ग्रहावरची आहे. तिथलं सगळं पाणी संपलेलं असतं."

"मंग ग्रह बरूबर निवडला तुमी," चेअरमन म्हणाले. "पर आमचे कॅन बीडला येळंवर जात न्हाईत, अन् तुमी आबाळात न्यायलात व्हय?"

दारातली बाई हसली. बाकी कुणी हसायच्या आत ती हसली, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. पस्तिशीची असावी. उंच, गोरी, नाक सरळ, डोळे हिरवट. या भागातली नव्हती हे सांगायला नको होतं. मॅनेजर म्हणाला, "या आमच्या कलाकार. त्या ग्रहावर जी शेवटची बाई उरलेली असते ना, त्या ह्या." तिला रंगवायला रोज तीन तास लागणार, बीडच्या लॉजवरून येण्यात आणखी वेळ जाणार, म्हणून गावातच एखादी खोली हवी होती.

आमची कडब्याची खोली रिकामी होती. एरवी पाडव्याला ती छतापर्यंत भरलेली असते. मी ती देऊ केली. भाडं घेतलं नाही, कारण ज्या खोलीत काही ठेवायलाच नाही तिचं भाडं काय लावायचं ते मला समजेना.

आमचं गाव नेकनूरपासून आत आहे. तलाव गावाच्या खालच्या अंगाला. तो पूर्ण आटला की तळातून जुना रस्ता वर येतो. तलाव होण्याआधी गावात यायचा तोच रस्ता होता. दोन्ही बाजूंना दगड लावलेले, मध्ये एका पुलाची कमान, आणि पुलाखालून काहीच वाहत नाही. लहानपणी मी तो रस्ता एकदा पाहिला होता आणि पुढं कित्येक वर्षं मला वाटायचं की तो मी स्वप्नात पाहिला. त्या वर्षी तो पुन्हा वर आला. माझी आई बांधावर उभी राहून म्हणाली, "ह्याच रस्त्यानं मी बैलगाडीतून आलते. नवी नवरी. समदा फुफाटा डोळ्यात गेलता." मालिकेच्या लोकांनी त्याच रस्त्यावर आमचे कॅन आडवे-उभे रचून, त्यांना नळ्या लावून, निळे दिवे बसवून यान उभं केलं. दुपारी बांधावरून पाहिलं की भेगाळलेली पांढरी माती, त्यावर चकाकणारे कॅन, आणि त्यांच्यामागं पाणी असल्यासारखी हलणारी हवा. मी हिशेबाचा माणूस आहे, मला भास होत नाहीत. पण तिथं उभं राहिलं की मलाही आपण कुठल्या वर्षात उभे आहोत ते पटकन आठवत नसे.

पहाटे दूध संकलनाला निघताना मी अंगणात येई, तेव्हा ती रंगून तयार असायची. डोक्यापासून पायापर्यंत चंदेरी. अंगणातून ती हळू चालत जायची, कारण त्या पोशाखात गुडघा वाकत नसे. आमची एकुलती उरलेली गाय तिला पाहून पहिल्या दिवशी दावं तोडायला निघाली. चौथ्या दिवसापासून मानही वर करेना.

रंग काढायचा प्रश्न मोठा होता. तो पाण्याने आणि साबणाने निघायचा, आणि त्याला दोन बादल्या लागायच्या. मॅनेजरने टँकरचं कबूल केलं होतं, पण टँकर यायचा तो आधी स्वयंपाकाच्या तंबूत रिकामा व्हायचा. पहिल्या संध्याकाळी ती चंदेरीच राहिली आणि तशीच जेवायला बसली. आईने तिच्याकडे ताट सरकवलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि उठून आतून करडईच्या तेलाची बुधली आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन आली.

"बस इकडं. बैलाच्या शिंगाचा रंग आमी असाच काढतो."

त्यानंतर रोज संध्याकाळी ओट्यावर हेच चालायचं. आई एक गाल पुसायची, माझी बायको दुसरा. चंदेरी रंगाखालून हळूहळू माणसाचं तोंड बाहेर यायचं. पाण्याचा एक थेंब लागत नसे. माझी बायको म्हणायची, "वन्सं, तुमी तर आमच्यापरीस लख उजळलात." आणि ती तिला 'वहिनी' म्हणायची. आईला 'मावशी'. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने ऐकून उचललं.

ती मूळची काबूलची. वडील फ्रीज दुरुस्त करायचे. अकरा वर्षांची असताना घर सोडून दिल्लीला आली. हिंदी टीव्हीवरच्या मालिका ऐकून शिकली, आणि त्याच मालिकांत काम करायला मुंबईला गेली. तिच्या कामाचा सगळा हिशेब मी तिच्याकडूनच ऐकला. कौटुंबिक मालिकांत परदेशी डॉक्टरीण दोनदा, राणीची दासी एकदा, हेर तीनदा. अंतराळाच्या मालिकांत यंत्रबाई एकदा आणि दुसऱ्या ग्रहावरची बाई ही धरून चौथ्यांदा.

"माझी बोली इकडची नाही ना," ती हिंदीत म्हणाली. "मग ते मला थेट आकाशातच पाठवतात."

"अन् आकाशातल्या बाया कशा बोलत्यात?" आईने विचारलं.

"त्यासुद्धा माझ्यासारख्या बोलत नाहीत, मावशी. पडद्यावर माझे फक्त ओठ हलतात. आवाज नंतर दुसरी बाई देते."

आई पुसता पुसता थांबली. "म्हंजी तोंड तुजं अन् बोलनं दुसरीचं?"

"दहा वर्षं तेच चाललंय."

मग तिने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो. तिची आई दिल्लीत भावाकडे असते. काचबिंदूने तिची नजर गेली. मुलगी टीव्हीवर आली की भाऊ टीव्ही लावतो आणि आईला पुढं बसवतो. आईला दिसत काही नाही. ऐकू येतो तो दुसऱ्याच बाईचा आवाज. ती दर वेळी विचारते, "हे कुणाच्या पोरीचं काम चाललंय? माझी कधी बोलणार?" भाऊ सांगतो, "हीच ती." आई म्हणते, "मला फसवू नका."

"एकदा तरी तिने मला ऐकायला पाहिजे," ती म्हणाली. "नंतर यंत्र करा, भूत करा, काहीही करा."

 त्या संध्याकाळी माझ्या आईने तिचं तोंड दोनदा पुसलं.

ओट्यावरच्या बोलण्यात एक गोष्ट ती रोज टिपायची. आई 'जनावर' म्हणाली की ती थबकायची. मी 'हजार' म्हणालो, 'हिशेब' म्हणालो, की ती हसायची. 'जमीन', 'रुमाल', 'ताजं'. हे शब्द तिच्या आईच्या घरचे होते. निजामाच्या राज्यात आमच्या बोलीत कुठून कुठून शब्द येऊन राहिले ते मला शाळेत सांगितलं होतं, पण शब्दांना अशी माणसं भेटायला येतात हे सांगितलं नव्हतं. ती म्हणाली की तुमच्या घरात मला अर्धं कळतं आणि उरलेलं कळल्यासारखं वाटतं. मग ती बोलू लागली. आधी माझ्या बायकोशी, मग आईशी, मग दूध घालायला येणाऱ्यांशी.

यात एकदा घोटाळा झाला. संकलनावर माणसं एकमेकांना काय म्हणतात ते ती ऐकत होती. "काय बे, पानी घालून आनलंस का?" "पानी हाय कुठं बे गावात घालायला?" दुसऱ्या दिवशी चेअरमन चहा पीत उभे होते. ही चंदेरी बाई त्यांच्यासमोर गेली आणि गोड आवाजात म्हणाली, "काय बे चेअरमन, लई ऊन हाय!"

चेअरमनांचा कप ओठाशी राहिला. मग सगळा हॉल हसला, आणि कॅन नसलेल्या रिकाम्या हॉलमध्ये ते हसू दुप्पट घुमलं.

संध्याकाळी आईने समजावलं, "पोरी, तसं बायांनी न्हाई म्हनायचं."

"मग बाया काय म्हणतात?"

"बाया काई म्हनत न्हाईत. नुस्तं बघत्यात. त्यानंच निम्मे गडी गार व्हत्यात."

तिने ते बघणंही आईकडून शिकून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या मरणाचं दृश्य होतं. त्या ग्रहावरची शेवटची बाई तहानेने मरते आणि पृथ्वीवरून आलेला माणूस तिच्याजवळ उशिरा पोचतो, असं. गावातल्या बाया बांधावर बसून बघत होत्या. आईही होती. सकाळी लवकर सुरू झालं ते ऊन डोक्यावर आलं तरी संपेना. ढग आला म्हणून थांबले, छावणीतली एक म्हैस पळत आली म्हणून थांबले, पृथ्वीवरच्या माणसाला वाक्य आठवेना म्हणून थांबले. ती त्या तापलेल्या मातीवर तशीच पडून. ओठांवरचा रंग फुटेल म्हणून तिला पाणी प्यायला मनाई होती.

शेवटी सगळं जुळलं. डायरेक्टर ओरडला, सगळे गप्प झाले, आणि ती मरू लागली. मी बांधाखाली उभा होतो. मला आईचं लुगडं दिसलं. ती बांध उतरून चालली होती, हातात तांब्या. आधी वाटलं घरी निघाली असेल. पण ती जुन्या रस्त्याला लागली, दिव्यांच्या मधून गेली, यानाला वळसा घातला, पृथ्वीवरच्या माणसाला कोपराने बाजूला केलं आणि खाली बसली. तिने त्या चंदेरी बाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडात पाणी घातलं. हळू, थोडं थोडं, जसं घालायचं असतं तसं.

कॅमेरा चालूच राहिला. डायरेक्टरला थांबा म्हणायचंही सुचलं नाही.

तिने दोन घोट गिळले. डोळे उघडले, आईकडे पाहिलं, आणि आमच्याच बोलीत म्हणाली, "आता खुशाल मरते, मावशी."

बांधावर बाया आधी हसल्या, आणि मग दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला.

डायरेक्टर धावत आला. त्याचा आवाज चढला होता. "कुणी सोडलं या बाईंना आत? ऊन गेलं माझं! कोण आहे यांच्या घरचं?"

मी पुढं झालो. पण आईला मी नको होतो. ती तांब्या घेऊन उठली आणि म्हणाली, "ती मरायली अन् तुमी समदे बघायलात. मरनाऱ्याला पानी पाजायला कुनाची परवानगी लागती?"

"आजी, हे खोटं आहे. नाटक आहे!"

"मला काय येडी समजलास का, लेका? नाटकच हाय. पर वट बघ तिचे. ते नाटक हाय का? अन् नाटकात झालं म्हनून मानूस तहानलेलं कावून मरावं?"

तिच्या चंदेरी हनुवटीवरून पाण्याची एक रेघ गळ्यापर्यंत गेली होती आणि त्या रेघेत तिची खरी कातडी दिसत होती. दृश्य दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं. अर्धा दिवस गेला म्हणून मॅनेजरने दोन हजार कापले. संस्थेला एकोणीस हजार मिळाले. चेअरमन मला म्हणाले, "तुज्या आईचं पानी टँकरपरीस महाग पडलं." पण पुढच्या सभेत तो विषय कुणी काढला नाही.

त्या गडबडीत एकच माणूस आपलं काम करत राहिला होता. लांब दांडीला माईक बांधून आवाज घेणारा, सांगलीकडचा एक गृहस्थ. नंतर दुसरीचा आवाज चढवायचा असला तरी जागेवरचा आवाज घेऊन ठेवतात, नंतरच्या बाईला ओठ जुळवायला तो लागतो. संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर आला आणि तिला म्हणाला, "बाई, दोन मालिका तुमच्याबरोबर केल्या. तुमचा खरा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला. हा मी पुसणार नाही." त्याने तो तुकडा जवळ ठेवला.

ते लोक गेले. जाताना आईने तिची ओटी भरली. गहू दुष्काळाचे, पसाभरच. कॅन सगळे परत आले. एकावर निळा रंग राहिला तो आजही आहे.

दिवाळीनंतर मालिका लागली. संस्थेच्या हॉलमध्ये आम्ही टीव्ही आणला. पाऊस बरा झाला होता आणि कॅन पुन्हा कामाला लागले होते, म्हणून बसायला जागा कमी पडली. पडद्यावर आमचा तलाव आला तेव्हा कुणी ओळखला नाही. आकाश जांभळं होतं, दोन चंद्र होते. मग एकजण ओरडला, "आरं, यानावर सात नंबर दिसायला! त्यो आपला सात नंबरचा कॅन हाय!" आणि मग सगळ्यांना सगळं दिसू लागलं: पूल, रस्ता, बांधाचा कोपरा. एक विचित्र सुख होतं ते. आपलं गाव इतकं दूर गेलेलं पाहणं.

मग ती बोलली. स्वच्छ, गुळगुळीत, मुंबईचा आवाज.

आई थोडा वेळ बघत राहिली. "ह्यो आवाज हिचा न्हाई," ती मोठ्याने म्हणाली. मग मला म्हणाली, "तिकडं दिल्लीला ती आई बी आत्ता हेच ऐकत आसल," आणि उठून घरी गेली. पुढचे भाग तिने पाहिले नाहीत.

पुढच्या वर्षी उन्हाळा संपताना तिचा फोन आला. सांगलीकडच्या गृहस्थाला एका मराठी मालिकेचं काम मिळालं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची गोष्ट. त्याने तो तुकडा तिथल्या डायरेक्टरला ऐकवला, आणि तिला थोरल्या सुनेच्या कामासाठी बोलावलं. दहा वर्षांत पहिल्यांदा तिला पृथ्वीवरच्या, घरातल्या, चुलीपुढच्या बाईचं काम मिळत होतं. पण चॅनेलने एक अट घातली होती. चेहरा तिचा चालेल, आवाज चालणार नाही. मुंबईत आवाज देणारी बाई आधीच ठरवलेली होती, पहिल्या दहा भागांसाठी. डायरेक्टर एवढंच म्हणाला होता की एक दृश्य तुमच्या आवाजात जागेवर घेऊ, ऐकू, आणि मग काय ते ठरवू.

"एकच दृश्य, भाऊ," ती म्हणाली. "मावशींना द्या."

मग रोज संध्याकाळी फोन. ती वाक्यं म्हणायची, आई ऐकायची. मला वाटलं होतं आई उच्चार सुधारेल. आईने उच्चाराला हात लावला नाही. ती दुसरंच सांगायची. दृश्यात सुनेला सासू-सासऱ्यांना सांगायचं होतं की यंदा मी माझी पोरगी उसाच्या फडावर नेणार नाही, ती शाळेत राहील.

"तोंडावर उभी राहून म्हनायलीस का तू?"

"हो, मावशी. तसं लिहिलंय."

"लिहिनाराची सून न्हाई कुनी तोडीला गेली. असलं तोंडावर म्हनत न्हाईत. पाठमोरी हो. गाठोडं बांध. गाठ मारता मारता म्हन, जसं गाठीलाच सांगायलीस. गाठ सोडू नको. गाठ सोडली की तुजा शबुद गेला."

फोनच्या दुसऱ्या टोकाला कापड ओढल्याचा आवाज आला. बहुतेक ती गाठ बांधत होती.

चित्रण केज तालुक्यात नांदूरघाटजवळ होतं. आई म्हणाली, जाऊन बघू. आम्ही एसटी बदलत गेलो. एका रानात ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या उभ्या केल्या होत्या, पाचटाच्या छोट्या झोपड्या, आणि गर्दी दिसावी म्हणून खऱ्या तोडीला जाणाऱ्या वीसेक बाया रोजंदारीवर बसवल्या होत्या. त्या दिवशी धुळीने आणि हवापालटाने तिला पडसं झालं होतं. नाक लाल. आईला पाहिल्यावर ती पाया पडली आणि म्हणाली, "मावशी, आजच आवाज बसला."

दृश्य झालं. ती पाठमोरी बसली, गाठोडं बांधत म्हणाली, आणि गाठ सोडली नाही. मला ते चांगलं वाटलं, पण माझं मत धरण्यासारखं नव्हतं. मालिका लिहिणारा डायरेक्टरच्या कानात म्हणाला, पण आम्हाला ऐकू आलं, "सूर बाहेरचा येतोय. लोक हसतील."

डायरेक्टर जरा विचार करून रोजंदारीवरच्या बायांकडे वळला. "मावशी, खरं सांगा. ही बाई तुमच्यातली वाटते का?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. दाताला मिश्री लावलेली एक पुढं झाली. "खरं सांगू का?"

"खरंच सांगा."

"न्हाई वाटत."

ती अजून गाठोड्यापाशीच बसलेली होती. तिने मान वर केली नाही. माझी आई एक शब्द बोलली नाही. तिला बोलता आलं असतं.

"बोलती आमच्यावानी," ती मिश्रीवाली म्हणाली. "गाठ बी आमच्यावानी मारती. पर सूर लांबचा हाय."

"लांबचा आसंना का," मागून दुसरी म्हणाली. "माजी धाकली जाऊ कुठली हाय? तिकडं पार तेलंगणाकडून आनली. पयल्या साली मुकीच वाटायची. आता भांडाया लागली तर आख्खी टोळी गप. तिचा बी सूर ह्योच."

"आन आमच्या वस्तीवरची? ती तर कुठली ते तिलाच सांगता येत न्हाई," तिसरी म्हणाली, आणि बाया हसल्या. "सायेब, पोरी मिळंनात आता. निम्म्या सुना लांबूनच आनत्यात."

"मग थोरली सून लांबून आणलेली, असं केलं तर?"

"केलं तर काय? तसंच आसतंय."

डायरेक्टर लिहिणाऱ्याकडे पाहत राहिला. लिहिणाऱ्याने खिशातून पेन काढलं. दोन वाक्यं वाढवली, एवढंच. चॅनेलनेही मग आवाज तिचाच ठेवला. आईने तिच्याजवळ जाऊन तिचा पदर नीट केला आणि म्हणाली, "नाक शिंकर आधी."

पहिला भाग लागला त्या संध्याकाळी आम्ही घरीच पाहिला. टीव्ही हॉलला न्यायची आईची इच्छा नव्हती. पाहताना मला परत तेच झालं. तलावातल्या दुपारी व्हायचं तसं. आमच्या घरातलं बोलणं त्या काचेतून येत होतं, काबूलच्या एका बाईच्या तोंडून, आणि कुठून कुठं चाललं होतं काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. आईला द्या म्हणाली. मग सांगितलं. दिल्लीत भावाने टीव्ही लावला. तिच्या आईला मराठी कळत नाही. ती बसून होती. पाठमोऱ्या सुनेचं बोलणं सुरू झालं आणि ती उठून उभी राहिली, टीव्हीवर हात ठेवला, आणि भाग संपेपर्यंत तसाच ठेवला. मग मुलीला फोन लावायला सांगितला. शाबासकी नाही, काही नाही. एवढंच म्हणाली, "तुला पडसं झालंय. घशाला काही गरम घेतलंस का नाही?"

माझ्या आईने फोन माझ्याकडे दिला आणि आत निघून गेली. चूल पेटवल्याचा आवाज आला.

आता राहिलं देण्याघेण्याचं. मी तिला विचारलं, कारण न विचारता मला राहवलं नसतं. मुंबईच्या त्या आवाज देणाऱ्या बाईला दहा भागांचं काम कबूल केलं होतं आणि तिने त्या भरवशावर दुसरीकडचं काम सोडलं होतं. निर्माता म्हणाला, आता तिचं काम नाही, पैसे तुम्ही घ्या, आवाज तुमचा आहे. ही म्हणाली, शब्द तिला दिलाय. त्यावर दोघांचं बोलणं झालं. शेवटी असं ठरलं: पहिल्या दहा भागांच्या आवाजाचे पंधरा हजार रुपये मुंबईच्या त्या बाईला देण्यात आले, तिने एक शब्दही बोललेला नसताना. हिला अभिनयाचे ठरलेले मिळाले. आवाजाचे हिने काही घेतले नाहीत.